मोक्याच्या जागेवरील मैदान

मोकळी जागा दृष्टीस पडताच तिचे काय करता येईल हा हिशेब ज्यांच्या मनात आपोआप सुरू होतो, अशा मंडळींचे सध्या दिवस आहेत. आमचा एक भाचा त्यांपैकीच. मुंबईस इमारतींच्या व्यवसायात त्याचा चांगला जम बसला आहे. गेल्या दिवाळीत तो नळदुर्गास आला असता बोलता बोलता गोष्ट मुंबई विद्यापीठाच्या मैदानावर आली. "मामा, चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्थानकांच्या मध्ये, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, विद्यापीठाने तिथे खेळाचे मैदान ठेवावे, याला व्यवहार म्हणायचे काय? तेवढी जागा विका. कलिन्याला हवी तेवढी मैदाने करा, वसतिगृहे बांधा, गरीब मुलांना शिष्यवृत्त्या द्या. तरी पैसा उरेल!" त्या वेळी आम्ही त्याला इतकेच म्हणालो की, "अरे, जागा विकायला एक सही पुरते; ती परत घ्यायला पिढ्या पुरत नाहीत." परंतु एवढ्याने त्याच्या प्रश्नाचे उत्तर झाले असे आम्ही समजत नाही. प्रश्न विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने परामर्श घेत आहोत.

प्रथम भाच्याचा पक्ष जितका बळकट करता येईल तितका करू. विद्यापीठ हे विद्येचे स्थान. तेथे जागेवर पहिला हक्क ग्रंथालयाचा व प्रयोगशाळेचा, असे कोणी म्हटले तर त्यात गैर काही नाही. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने असा निवाडा प्रत्यक्ष केलेला आहे. त्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ एके काळी मोठा नावाजलेला होता. १९३९ मध्ये विद्यापीठाने तो खेळ बंद केला. ओस पडलेल्या त्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनी अणूच्या विखंडनाची नियंत्रित साखळी प्रथम सिद्ध केली. आणि पुढे ते मैदान मोडून त्या जागी १९७० मध्ये भव्य ग्रंथालय उघडले. मैदान गेले आणि विद्या आली, यात रडण्यासारखे काय आहे? परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शिकागोस मैदानाच्या जागी ग्रंथालय आले. जागा विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांकडे राहिली. आमच्या भाच्याच्या योजनेत मैदानाच्या जागी जे येते, त्याच्या दारात विद्यार्थ्यास पहारेकरी अडवील. तेव्हा हा दाखला त्याच्या कामी फारसा येत नाही.

आता मुंबईच्या ऐन मध्यावर एवढी मोकळी जागा मुळात राहिली कशी, हे पाहिले पाहिजे. किल्ल्याच्या छायेत वाढलेल्या आम्हा नळदुर्गकरांस ते समजावयास फार वेळ लागत नाही. उपळी बुरुजावर उभे राहिले म्हणजे चहूंकडचा मुलूख कसा उघडा दिसतो! तटापुढची जमीन मोकळी असली तरच शत्रू दुरून दिसतो आणि तोफेचा गोळा त्याच्यापर्यंत पोहोचतो. आमच्या शेजारच्या सोलापुरातही भुईकोट किल्ल्याच्या आसमंतातच पार्क मैदान व होम मैदान आहे. मुंबईतही इंग्रजांनी आपल्या कोटाबाहेर याच कारणासाठी विस्तीर्ण पटांगण राखले होते. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असता १८६० नंतरच्या दशकात तो कोट पाडण्यात आला. त्या पटांगणाचे जे तुकडे उरले, ते आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या इमारती व १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई मनोरा याच ओव्हलच्या काठी उभे आहेत. विद्यापीठाचे स्वतःचे मैदान मात्र रेल्वेच्या पलीकडे, समुद्राच्या अंगास आहे. सारांश, तोफांसाठी राखलेली जमीन मुलांच्या खेळास मिळाली. युद्धाच्या तरतुदीतून असे फळ क्वचितच निघते.

ते फळ सर्वांस सारखे मिळाले, असे मात्र नव्हे. १८८० च्या सुमारास या पटांगणावर पारशी व इतर एतद्देशीय मुले क्रिकेट खेळत असत, आणि त्याच भूमीवर युरोपियन साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई. साहेबांचे स्वतःचे क्रिकेटचे मैदान निराळे व सुरक्षित होते. उखडलेली जमीन आमच्या वाट्याची. अर्जविनंत्या झाल्या, वर्षानुवर्षे वाद चालला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात या झगड्याची हकीकत नमूद आहे. पुढे पारशी, मुसलमान व हिंदू जिमखान्यांस समुद्राकाठी जागा मिळाल्या. या कथेचे तात्पर्य असे की, शहराच्या मध्यावरील मैदानाचा प्रश्न तेव्हाही जमिनीच्या दराचा नव्हता. तेथे कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा तो प्रश्न होता. आजही तो तसाच आहे. फक्त घोड्यांची जागा दराने घेतली आहे.

मग तेथे येतो कोण? विद्यार्थिदशेत आम्ही काही वर्षे मुंबईस होतो. त्या भागातील सकाळ ज्यांनी पाहिली असेल त्यांस आठवेल की, बॅटी व पॅडे कोंबलेली लांबट पिशवी खांद्यावर टाकून गाडीतून उतरणारी मुले मलबार हिलची नसत. ती विरारची, डोंबिवलीची, कुर्ल्याची असत. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घरांतून ती येत. पश्चिम रेल्वे चर्चगेटास संपते. मध्य व हार्बर रेल्वे बोरीबंदरास, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसास संपतात. आणि या दोहोंमधील अंतर पायी तोडता येते. यामुळे ज्याच्याजवळ रेल्वेचा पास आहे, त्याला ते मैदान आपले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. कांबळी कांजूरमार्गसारख्या उपनगरातून येणारा मुलगा. मैदान बड्या वस्तीत होते म्हणून खेळ बड्यांचा झाला, असे तेथे घडले नाही.

जागेस दर का येतो, याचा विचार केला म्हणजे हे कोडे सुटते. जेथे सर्व रस्ते येऊन मिळतात, जेथे कोणालाही सुखाने पोहोचता येते, ती जागा महाग होते. जागा महाग असण्याचे कारण व मैदान तेथे असण्याचे कारण ही दोन्ही एकच आहेत. तेव्हा 'जागा महाग आहे, म्हणून मैदान हलवा' असे म्हणणे म्हणजे 'येथे सर्वांस येता येते, म्हणून सर्वांसाठी असलेली वस्तू येथून काढा' असे म्हणणे होय.

यावर कोणी म्हणेल की, मुंबई विद्यापीठाची व्याप्ती आता रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पोहोचली. विद्यार्थी बहुतेक उपनगरांतले. तेव्हा कलिना सर्वांस अधिक जवळचे नाही काय? हा आक्षेप खरा आहे. कलिन्यास मैदाने व्हावीत, आणखीही दहा ठिकाणी व्हावीत. पण दुसरे मैदान करावयाचे म्हणून पहिले मोडावयाचे, हा न्याय दुसऱ्या कोणत्याच गोष्टीस आपण लावीत नाही. दुसरे देऊळ बांधले म्हणून पहिले विकीत नाही.

दूरच्या मैदानाचे काय होते, हे आमच्या प्रांतातील माणसास सांगावयास नको. आमचे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरास डोंगराच्या पायथ्याशी प्रशस्त जागेत आहे. सोलापूरचे विद्यापीठ शहराबाहेर केगावास. जागा ऐसपैस, हवा उत्तम. जो तेथेच राहतो त्याला मैदानाची ददात नाही. परंतु जो दुपारी तीन वाजता वर्गातून सुटतो आणि ज्याला सहाच्या एसटीने गाव गाठावयाचे असते, त्याला ते मैदान छायाचित्रातल्या मैदानासारखेच. मुलाचे असे, मुलीचे तर विचारूच नये. गावाबाहेरच्या ओसाड मैदानावर संध्याकाळी मुलीस पाठविण्यास कोणते आईबाप धजतील? उलट भर वस्तीतल्या मैदानावर येणाऱ्याजाणाऱ्याची नजर असते, समोर दुकानाचा दिवा असतो, ओळखीचे कोणी तरी रस्त्याने जात असते. ही नजर हाच मुलीचा पहारा.

आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला खो-खो संघाने २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० मध्ये त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस काय लागते? दोन खांब, आणि सुमारे सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद अशी मऊ जमीन. चार दुकानांची जागा म्हणा. पण ती जमीन मुलीच्या पायी वाटेवर असावी लागते. पाच कोसांवर हजार एकर असून तिला काय उपयोग?

मात्र आमच्या या पक्षास एक अट आहे, आणि ती आम्ही भाच्याच्या बाजूने घालीत आहो. मोक्याच्या जागेवरील मैदानाचा हक्क ते उघडे असण्यावर अवलंबून आहे. ज्या मैदानाच्या फाटकास वर्षातून दहा महिने कुलूप, जेथे लग्नाचे मांडव पडून खुंट्यांनी जमीन चाळण झालेली, जेथे विद्यार्थी बाहेर उभा आणि वर्गणीदार आत, त्या मैदानाची बाजू आम्ही घेणार नाही. असे मैदान म्हणजे पोलोच्या साहेबाचेच वारस. संस्थेने ते सकाळ-संध्याकाळ मुलांस मोकळे करावे, नाही तर 'येथे मैदान कशाला?' या प्रश्नास तिच्याजवळ उत्तर राहणार नाही.

नळदुर्गास विद्यापीठ नाही. पण महाविद्यालय आहे, शाळा आहेत, आणि सोलापूरहून हैदराबादेस जाणारा राजमार्ग गावास लागून असल्यामुळे रस्त्याकाठच्या हातभर जागेलाही आता भाव आला आहे. तालुक्या-तालुक्यांतून शाळांच्या कुंपणाच्या जागी गाळ्यांच्या रांगा उठत असलेल्या आपण पाहतोच. गाळ्याचे भाडे दरमहा येते व संस्थेची नड भागते, हे नाकारता येत नाही. पण पहाटे याच राजमार्गाच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी मुले मालमोटारींच्या झोतात धावताना आम्ही नित्य पाहतो. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलास १६०० मीटर व मुलीस ८०० मीटर धावावे लागते. मुले धावतात ती डांबरावर, जीव मुठीत घेऊन. मुली तर बहुधा दिसतच नाहीत. किल्ल्याचे आवार संरक्षित स्मारकाचे. ते खेळास मागता येणार नाही आणि मागूही नये. तेव्हा शाळा-महाविद्यालयांची पटांगणे हीच गावाची मैदाने.

म्हणून संस्थाचालकांस आमची विनंती आहे की, भाव आणखी चढण्यापूर्वी पटांगणाची हद्द मोजून ती कागदोपत्री कायम करावी, तेथे गाळा चढणार नाही असा ठराव करावा, आणि पहाटे दोन तास व संध्याकाळी दोन तास फाटक गावच्या मुलामुलींस उघडे ठेवावे. याला पैसा जवळजवळ लागत नाही. पुढे ती जमीन विकत घेऊन देण्याची ऐपत मात्र आमच्यापैकी कोणाचीही असणार नाही.