सायकलची सीट



'माझी सायकल' हा निबंधाचा नेहमीचा विषय. सायकलला पेट्रोल लागत नाही, धूर होत नाही, व्यायाम होतो, एवढं आपण मुलांना लिहून देतो. मीही दरवर्षी देते. पण सीटबद्दल मी कधी एक ओळसुद्धा सांगितली नव्हती. ती का सांगायला हवी होती, ते आज लिहिते.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी यंदा आठवीत गेली. गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची शाळा चार किलोमीटरवर. मानव विकास कार्यक्रमातून तिला सायकल मिळाली. पंधरा दिवसांनी रस्त्यात भेटली. म्हणाली, "बाई, गुडघं लई दुखतात. चढाला उतरून ढकलतच नेते."

मी म्हटलं, "होईल गं सवय." आणि माझी स्कूटी पुढे काढली.

दिवाळीनंतर तिची आई धाकट्याच्या कामासाठी शाळेत आली. जाता जाता बोलली, "पोरगी सायकलवर बसायलाच नको म्हणती. रोज एकटीला पायी कसं धाडायचं? बंदच करावी म्हणतो शाळा."

माझ्या काळजात धस्स झालं. माझं ते 'होईल सवय' आठवलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. सायकलची सीट पार खाली होती. दुकानातून आणली तशीच. पोरगी मात्र चांगली उंच झालेली. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर पडू, या भीतीनं तिनं सीटला हातच लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकल बाजारातल्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पाना घेतला आणि मलाच धडा शिकवला. तो असा :

१. सायकल भिंतीला धरून सीटवर बसायचं. पॅडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला की उंची बरोबर.

२. चालवताना पॅडलवर टाच नाही, चवडा ठेवायचा. मग गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो.

३. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो. फार वर असली की कंबर दोन्ही बाजूंना हलते आणि गुडघा मागून ताणतो.

४. सीट सपाट हवी. टोक वर गेलं तर अवघडतं, खाली झुकलं तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो.

५. दांड्यावर एक रेघ असते. ती नळीबाहेर दिसेल इतका दांडा कधीच वर काढायचा नाही. शेवटी नट घट्ट आवळायचा आणि सीट हातानं फिरवून बघायची.

"आणि थांबताना?" तिनं विचारलं. काका म्हणाले, "सीटवरून पुढं उतरायचं, एक पाय टेकायचा. बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकायला ती काय खाट हाय?" पोरगी हसली.

सीट एकदम वर न घेता आधी दोन बोटं, मग आठवड्यानं आणखी दोन बोटं वर घेतली. भीती गेली, हळूहळू दुखणंही थांबलं. ती आता रोज शाळेत जाते. शेवटच्या चढाला अजून उतरते, पण तो चढ मलाही दमवेल असाच आहे!

आता आमच्या शाळेत दर सत्राच्या सुरुवातीला मुलांची उंची मोजली, की लगेच सायकलींच्या सीटही तपासतो. मुलं वाढतात, सीट आपोआप वाढत नाही.

आणि कुणी मूल 'दुखतंय' म्हणालं, तर 'सवय होईल' म्हणण्याआधी मी आता थांबते. काय दुखतंय, कुठे दुखतंय, ते विचारते.

तुमच्या घरी सायकल असेल, तर आजच टाच टेकवून बघा.