दहा मिनिटांचं माहेर

माहेर दूर असलं की बाई हळहळते. माझं माहेर दूर नव्हतं, वाटेवर होतं. आणि वाटेवरचं माहेर दूरच्या माहेरापेक्षा जास्त छळतं, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही.

माझं लग्न १९७८ सालचं. माहेर नागपूर, सासर गिरगावातल्या चाळीत आणि ह्यांची नोकरी जमशेदपूरला, पोलादाच्या कारखान्यात. ही तिन्ही गावं एका दोरीत ओवणारी गाडी म्हणजे गीतांजली एक्स्प्रेस. माझ्या लग्नाच्या थोडीच आधी, २६ डिसेंबर १९७७ला ती सुरू झाली. रेल्वेमंत्री होते आपले मधु दंडवते. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचं नाव गाडीला दिलं आणि पहिला वर्ग ठेवलाच नाही. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. साहेब त्यातच आणि शिपाईही त्यातच. दुसऱ्या वर्गाच्या नुसत्या फळ्यांवर दोन इंची फोमच्या गाद्या आल्या, त्याही दंडवत्यांच्याच काळात. फळीवर तान्हं पोर निजवून ज्यांनी प्रवास केलाय, त्यांनाच त्या दोन इंचांची किंमत कळेल.

मुंबई ते हावडा जवळजवळ दोन हजार किलोमीटर, वाटेत पाच राज्यं. मी तिच्यात पहिल्यांदा बसले तेव्हा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, ओरिसा, बिहार आणि पश्चिम बंगाल. २००० साली छत्तीसगड आणि झारखंड वेगळे झाले, तसे मध्य प्रदेश आणि बिहार तिच्या वाटेवरून गेले, तरी आकडा पाचाचा पाचच! ओरिसाचं २०११ साली ओडिशा झालं, कलकत्त्याचं कोलकाता, व्हीटीचं तर दोनदा बारसं झालं. रूळ तेच. लग्नात माझंही नाव बदललं होतं, म्हणून ह्या गाडीशी माझं जरा जास्तच गूळपीठ.

तर दर भाद्रपदात आम्ही टाटानगरहून मुंबईला निघायचो. सासरी गौरी-गणपती, थोरल्या सुनेनं हजर राहायलाच हवं. नागपूरला आईकडेही नेमक्या त्याच दिवसांत महालक्ष्म्या. (तुमच्या गौरी त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या.) म्हणजे लग्नानंतर आईच्या महालक्ष्म्या मला दिसल्याच नाहीत. दिसायची ती आई, तीही फलाटावर.

चक्रधरपूर, राउरकेला मागे पडायचं, बिलासपूर-रायपूर रात्री झोपेत जायचं. पण डोंगरगढच्या आधी मला आपोआप जाग यायची. बमलेश्वरीच्या टेकडीला बसल्या जागेवरून हात जोडायचे, मग दरेकसाचा बोगदा, मग गोंदिया. फलाटावर पहिला मराठी शब्द कानावर पडला की मी केस विंचरून, पोरीचं तोंड पुसून तयार!

नागपूरला गाडी थांबायची जेमतेम दहा मिनिटं. डब्याचा नंबर मी पोस्टकार्डानं आधी कळवलेला असायचा. तरी एके वर्षी आमचा डबा मागे लागला, आई पुढच्या टोकाला उभी. ती बिचारी गुडघे धरत धावत आली, तेव्हा दहातली सात मिनिटं संपली होती! खिडकीच्या गजांतून डबा आत येत नाही, म्हणून ती गुळाच्या दशम्या जुन्या सुती फडक्यात बांधून आणायची, सोबत जवसाच्या चटणीची पुडी. दशम्या आत यायच्या, माझा हात बाहेर जायचा. बोलायचं सगळं राहूनच जायचं. "बारीक झाली गं," एवढं मात्र ती दरवर्षी म्हणायची, मी कितीही जाडी झालेली असले तरी.

१९८३ साली फलाटावर भाऊ एकटाच होता.

"आईला जरा बरं नाही, बाकी काही नाही," म्हणाला. फडकं तेच, पुडी तीच. मी गप्प बसले. वर्ध्याच्या पुढे मुलीला भूक लागली म्हणून फडकं सोडलं. दशमी हातात घेतली तर कडा जाड, मधे करपलेली. ही आईच्या हातची नव्हती. वहिनीचा दोष नाही हो, पण ज्या बाईला पंधरा दशम्या लाटण्याचंही बळ नाही, तिला 'जरा' बरं नसतं का? मला तिथेच रडू फुटलं.

समोर एक बंगाली बाई होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत. त्यांनी हिंदीत विचारलं, मी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांना वेगळंच नवल वाटलं. "मग उतरत का नाही? एवढं लांबचं तिकीट आहे तुमचं!"

पाच वर्षं त्या वाटेनं गेले, पण हे मला ठाऊकच नव्हतं. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबचं तिकीट असलं, तर पहिले पाचशे कापल्यावर वाटेत उतरता येतं, दोन दिवस राहता येतं, आणि त्याच तिकिटावर पुढे जाता येतं. उतरल्यावर स्टेशनवर तिकिटाच्या पाठीवर सही घ्यायची. पुढच्या गाडीचं रिझर्व्हेशन तेवढं वेगळं करावं लागतं. मुंबईहून नागपूर आठशेच्या वर, म्हणजे परतीच्या वाटेवर मी बेलाशक उतरू शकत होते. ह्यांना हे माहीत होतं का? होतं. "तू कधी विचारलं नाहीस," असं उत्तर मिळालं. यावर मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

प्रश्न सासूबाईंचा होता. गौरी विसर्जनाच्या रात्री भांडी आवरताना मी हळूच विषय काढला. हे लगेच म्हणाले, "आणि तिकडे माझ्या जेवणाचं काय?"

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "जास्तीचे पैसे पडतात?"

"नाही."

"मग उतर. आणि तू रे, दोन दिवस मेसमध्ये जेवलास तर मरत नाहीस. माझी आई गेली तेव्हा कोकणातली बोट बंद होती. मला कळलं तेराव्याला."

पाच वर्षं ज्या बाईला मी भीत होते, तिला आईसुद्धा होती हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

नागपूरला मी मुलीला घेऊन उतरले, हे पुढे गेले. स्टेशनवरच्या बाबूनं तिकिटावर तारीख घालून सही केली, तेव्हा माझा हात कापत होता. घरी आई खाटेवर पडून होती. मला बघून आधी तिनं दाराकडे पाहिलं, जावई आहेत का म्हणून. मग म्हणाली, "बाप्पा! खरंच उतरून राहिली का तू? सासूबाईंना विचारलं ना?"

त्या दोन दिवसांत काही मोठं झालं नाही. मी तिला मऊ भात केला, वेणी घातली. केस किती विरळ झाले होते! ती बराच वेळ झोपायची, मी नुसती जवळ बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला टेकून तिनं नातीला पोळपाटावर एक दशमी लाटायला शिकवली. वेडीवाकडी झाली, पण कड पातळ होती. माघात आई गेली.

गीतांजलीला पुढे वातानुकूलित डबेही लागले. मुलगी मला आता त्यातच बसवते. काच बंद असते, हात काही बाहेर जात नाही. नागपूर आलं की मी दारापर्यंत जाऊन उभी राहते.

ते तिकीट मला ठेवायचं होतं. पुठ्ठ्याचं, बोटभर, पाठीवर नागपूरची सही असलेलं. पण टाटानगरच्या फाटकाशी टीसीनं हात पुढे केला. नियम तो नियम. मी ते त्याच्या हातावर ठेवलं आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर आले.