वीस लिटरचा समुद्र

पुण्यात समुद्र नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या घरी यावं. कर्वेनगर, चौथा मजला, वर थेट स्लॅब. टीव्हीशेजारी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असं काचेचं खोकं आहे. दगड-वाळूची जागा सोडली तर त्यात वीस लिटर खारं पाणी मावतं. ऑफिसात कूलरवर पाण्याचा जार उलटा घालतात ना, तेवढंच. बस्स, एवढाच समुद्र!

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. 'निमो कुठंय?' निमो नाही. क्लाउनफिशला एवढ्याशा पाण्यात ठेवणं म्हणजे वन आरकेमध्ये बारा जणांचं एकत्र कुटुंब. दुसरा प्रश्न, 'मग कोरल?' तेही नाही. दगडी प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. माझ्याकडे होते ते बंड्या आणि चिंगी. बंड्या म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटरचा, लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक गोबी. दिवसभर दगडावर बसून मी काय टाइप करतेय ते बघायचा. चिंगी ही क्लीनर श्रिंप, कोळंबीच्या खानदानातली. लाल अंगावर पांढरा पट्टा आणि तोऱ्यात हलणाऱ्या लांबच लांब मिशा.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ आलं कुठून? तर डेडलाइनमधून. मासकॉम करून चॅनेलमध्ये चिकटले, तीन वर्षांनी सुटले, फ्रीलान्स झाले. 'हटके छंद' या विषयावर सहाशे शब्द हवे होते म्हणून बाणेरच्या एका आयटीवाल्याकडे गेले. मुलाखत घेऊन यायचं होतं, येताना त्याची जुनी टाकी घेऊन आले. मानधन पुढे चार महिन्यांनी मिळालं, ते सोडा. निघताना तो म्हणाला होता, 'बाकी सगळं जमेल तुला. तापमान तेवढं सांभाळ.' मी मान डोलावली. त्यात काय एवढं, असं मनात म्हटलं!

त्यात बरंच काही असतं. उघड्या समुद्रात दिवस-रात्रीचा फरक बहुतेक वेळा एखाद्या अंशाच्या आत असतो. एवढं अफाट पाणी तापायला आणि निवायला वेळ घेतं. त्यामुळे तिथल्या जिवांना चढउताराची सवयच नसते. प्रवाळांचं तर बघा. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त झाला आणि आठवडेच्या आठवडे टिकला, तर ते पांढरे पडायला लागतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झालं. आणि माझा समुद्र कुठे, तर पुण्याच्या स्लॅबखाली. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस, डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा.

थंडीचं सोपं आहे. पंचवीस वॉटचा हीटर बसवला. वीस लिटर पाणी एका अंशाने तापवायला त्याला जवळपास तासभर लागतो. दुकानदार शंभर वॉटचा गळ्यात मारत होता, 'मॅडम, पॉवरफुल आहे.' पण हीटरचा स्विच कधीतरी चालूच अडकून बसतो, आणि शंभर वॉटवाला अडकला तर तासाला चार अंशांहून जास्त! म्हणजे मी सिनेमा बघून येईपर्यंत रस्सा तयार. पंचवीसवाला अडकला तर निदान धावपळ करायला वेळ मिळतो. शिवाय मध्ये एक छोटा कंट्रोलर लावलाय, २५.५ वर हीटर चालू, २६ वर बंद. नेमका आकडा कुठला याचा फार बाऊ नको, चोवीस ते सत्तावीस काहीही चालतं. पण एकदा धरला की तो हलता कामा नये.

उन्हाळा मात्र परीक्षा घेतो. छोट्या टाकीचा चिलर माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढा. मग आपला देशी उपाय, माठ! पाण्यावरून वारा गेला की पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. शंभर मिलीलीटर, म्हणजे जेमतेम अर्धा कप पाणी उडालं, की वीस लिटर पाणी तीन अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता सोबत जाते. म्हणून झाकण काढायचं, वर जाळी टाकायची आणि कॉम्प्युटरमधला दोनशे रुपयांचा पंखा तिरका लावायचा. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात हे झकास चालतं. मुंबईच्या दमट हवेत माठही रुसतो, तसा हा पंखाही.

पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. पंखा लावला की दिवसाला अर्धा लिटर सहज जातं आणि उरलेलं जास्त खारट होतं. दोन दिवस लक्ष दिलं नाही तर चिंगीची पंचाईत. म्हणून सकाळ-संध्याकाळ काचेवरच्या खुणेपर्यंत आरओचं साधं पाणी भरायचं. खारं नाही, साधं. थोडक्यात, या घरात कुणीतरी रोज हवं. आणि मी कशी, तर आज सोलापूर, उद्या नाशिक.

मे महिन्यात तीन दिवसांचं काम आलं, मराठवाड्यात पाणीटंचाईवर. चांगलं मानधन, नावासकट छापणार. आईला सांगलीहून बोलावलं. आईचं या टाकीबद्दलचं मत पहिल्या दिवसापासून एकच, 'याचं कालवण किती जणांना पुरेल गं?' माझ्या फ्रीलान्सबद्दलचं मतही साधारण त्याच चालीचं. पण आली. मी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. पाणी किती भरायचं, खाणं किती चिमटी, सगळं नीट. शेवटची ओळ अशी: 'वीज गेली तर फ्रीझरमधली बाटली, झाकण घट्ट लावून, पाण्यात ठेव.'

निघाले बुधवारी. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मोबाइलवर मेसेज आला होता, मी वाचलाही नव्हता.

त्या दिवशी मला रेंज नव्हती. काय झालं ते आईच्या वहीतून कळलं. माझ्याच जुन्या रिपोर्टिंगच्या वहीच्या मागच्या पानावर तिने दर अर्ध्या तासाला आकडा लिहिला होता, तिच्या त्या शाळामास्तरणीच्या अक्षरात. १०.००, २६.४. ११.३०, २८.९. पुढे कंसात 'वारा घालते'. पंखा बंद म्हणून ती माउली कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने टाकीला वारा घालत बसली होती. कालवण करायला निघालेली बाई! दीड वाजता ३१.७. अडीच वाजता ३२.८, 'पिवळा वर येऊन तोंड उघडतोय'. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, त्यात पंप बंद. तेव्हा तिने चिठ्ठीतली शेवटची ओळ पाळली.

फ्रीझरमध्ये दोन बाटल्या होत्या. एक पाव लिटरची, मी टाकीसाठीच ठेवलेली. दुसरी एक लिटरची, तिने स्वतःच्या पिण्यासाठी ठेवलेली, दगडासारखी गोठलेली. बिचाऱ्या माशासाठी तिने आपली मोठी बाटली दिली. साडेतीनला वहीत २७.६. पुढे टिकमार्क. चारला २७.२. साडेचारच्या पुढे आकडा नाही, नुसतं 'पिवळा गेला'.

मी शुक्रवारी रात्री पोचले. बंड्या वाटीत होता, वर ताटली झाकलेली. टाकून द्यायचा तिला धीर झाला नव्हता. चिंगी मजेत मिशा हलवत होती. आई म्हणाली, 'खूप वारा घातला गं.' मी वही वाचली. एका तासात पाच अंशांची घसरण. उन्हाने आधीच अर्धमेल्या झालेल्या जिवाला एवढी वर्दी पुरते. चिठ्ठीत मी सगळ्याचं माप लिहिलं होतं, फक्त बाटलीचं नाही.

'उन्हानेच गेला,' मी म्हटलं. 'तू होतीस म्हणून चिंगी वाचली.' दुसरं वाक्य खरं आहे. पहिलं मी अजून रेटतेय.

ती सांगलीला परत गेली. आता रोज संध्याकाळी सातला फोन येतो. आधी विचारायची, 'पैसे आले का?' आता विचारते, 'किती आहे?' मी आकडा सांगते, ती बहुतेक कुठेतरी लिहूनही ठेवते. मागच्या आठवड्यात मध्येच म्हणाली, 'ती लहान बाटली कशासाठी होती गं?' मी रेंजचं कारण सांगून फोन ठेवला. पत्रकार ना मी!

हा अंक ती वाचणार, हे मला माहीत आहे. माझं छापून आलेलं प्रत्येक पान कापून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवते. आई, ती लहान बाटली टाकीसाठीच होती. चिठ्ठीत लिहायचं मी विसरले. आता फ्रीझरमध्ये पाव लिटरच्याच चार बाटल्या आहेत आणि चिठ्ठीही नवी लावलीय, 'एका वेळी एकच'. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही आणलाय. गोबी अजून आणलेला नाही.

आत्ता पावणेसात वाजलेत. २६.१.