कुठला राजा, कुठला संस्थानिक!

माजरी हे गाव तुम्ही पाहिलं असण्याची शक्यता आहे. आठवत असण्याची मात्र अजिबात नाही. वर्ध्याहून बल्लारशाला जाताना वरोडा मागे पडलं की माजरी येते आणि ती कळायच्या आत भांदक येतं. मध्ये जे कोळशाचे काळे ढिगारे दिसतात आणि पांढऱ्या शर्टातला प्रवासी घाईघाईने खिडकी लावून घेतो, ते आमचं गाव. जंक्शन आहे बरं का! इथून एक फाटा वणी-आदिलाबादकडे जातो. आता जंक्शन म्हटल्यावर जो थाट डोळ्यांपुढे येतो तो इथे शोधू नका, पण पाटीवर तसं लिहिलेलं आहे आणि त्या पाटीखालच्या तिकीटखिडकीत अस्मादिकांनी उभी नोकरी बसून काढली आहे.

या गावात मूळचा माणूस हुडकावा लागतो. कोळशाच्या मागे तेलुगू आले, बिहारी आले, छत्तीसगडी आले, उडिया आले. १९७३ साली खाणी सरकारच्या झाल्या तेव्हा आणखी आले. कॉलनीच्या एकाच ओळीत एका दारात बतुकम्मा, दुसऱ्यात छट आणि तिसऱ्यात पोळा. एवढी दुनिया आली, पण एकानेही कधी हात वर करून शपथ घेतली नाही की मी आजपासून माजरीकर. इथला मे महिना काढला आणि तरी बदलीचा अर्ज केला नाही, म्हणजे झाला माजरीकर. साक्षीदार लागत नाही.

आमच्या आबांचं तर विचारूच नका. ते जन्माला आले मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९५० साली त्याचा मध्य प्रदेश झाला. १९५६ च्या नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. एवढा प्रवास आबांनी ओसरीवरून न उठता केला. आणि नागरिकत्व? घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली हे शाळेतलं पोरही सांगेल. पण नागरिकत्वाची कलमं त्याच्या दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ ला, घटना स्वीकारली त्याच दिवशी लागू झाली होती. म्हणजे त्या दिवशी आबा भारताचे नागरिक झाले. नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी. पऱ्हाटीत उभे असतील. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांना कुणी अभिनंदनही केलं नसेल. ‘बैलाला पाणी दाखवलं का?’ एवढंच विचारलं असेल.

अशा घराण्यातल्या आमच्या चिरंजीवांनी २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत शपथ घेतली आणि ती पाहायला आम्ही उभयता तिथे हजर होतो, हे मला अजूनही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं वाटतं.

चिरंजीव २००२ साली गेले. ‘दोन वर्षांत परत येतो’ असं स्टेशनवर म्हणाले होते. (हे वाक्य पासपोर्टबरोबर छापूनच देतात की काय, न कळे.) मग नोकरी, मग लग्न, मग हिरवं कार्ड. ते यायला इतकी वर्षं लागली की मी आपला ‘गाडी कुठवर आली?’ या चालीवर दर रविवारी चौकशी करत असे. कार्ड मिळून पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. फी तेव्हा सातशे पंचवीस डॉलर होती. मी मनात रुपये केले आणि पाणी प्यालो.

अर्जात प्रश्न असे की आपल्याकडे सोयरीक जमवतानाही कुणी विचारत नाही. तुम्ही कम्युनिस्ट पक्षात होता का? तुम्ही अट्टल दारुडे आहात का? एकाच वेळी अनेक बायका केल्या होत्या का? सौ. हा मजकूर ऐकून म्हणाली, “माय वो! असा माणूस असला तं तो ‘हो’ म्हणून लिहीन का?” मला वाटतं त्या सरकारलाही हे ठाऊक असावं. पण विचारून ठेवलं की पुढे खोटं बोलल्याबद्दल धरता येतं. कोणतंही सरकार असो, कागदाच्या बाबतीत त्यांचं डोकं एकसारखं चालतं.

शिवाय परीक्षा. शंभर प्रश्नांची यादी आधी देतात, त्यातले दहापर्यंत तोंडी विचारतात आणि सहा बरोबर आले की पास. (२०२५ पासून यादी एकशे अठ्ठावीसांची झाली, वीस विचारतात आणि बारा बरोबर लागतात. चिरंजीव वेळेत सुटले.) आम्ही फोनवरून त्याची तयारी घ्यायचो. झेंड्यावर तेरा पट्टे का? घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांना काय म्हणतात? सर्वांत लांब नद्यांपैकी एक सांगा. महिनाभरात मला शंभरच्या शंभर पाठ झाले. म्हणजे पात्रतेच्या दृष्टीने पाहिलं तर नागरिक मीच व्हायला हवा होतो. उलट वर्धा नदी कुठे उगम पावते हे आमच्या कॉलनीत विचारून पाहा. मुलताईजवळ असं सांगणारा एक निघाला तर मी त्याला रेल्वे कँटीनचा चहा पाजीन, आणि तो त्याला शिक्षा वाटेल.

समारंभ न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरी, एका सरकारी इमारतीत होता. मला वाटलं होतं बँड असेल, शामियाना असेल, निदान एखादा पुढारी तरी दोन तास उशिरा येईल. यातलं काही नाही. विमानतळासारखी तपासणी, मग रांग. रांगेत प्रत्येकाकडून हिरवं कार्ड काढून घेत होते. ज्या कार्डासाठी त्या लेकराने अकरा वर्षं देव पाण्यात ठेवले होते, ते खिडकीतल्या बाईने वापरलेल्या तिकिटासारखं एका खोक्यात टाकलं. जन्मभर तिकिटं गोळा होताना पाहिलेला मी माणूस, पण माझ्याही पोटात जरा कालवलं. एक फॉर्मही पुन्हा घेतात: मुलाखतीनंतर आजपर्यंत तुमचं लग्न किंवा घटस्फोट झाला का, परदेशी गेला होतात का, काही गुन्हा केलात का? मध्ये काही आठवडेच गेले होते. पण माणसाचा काय भरवसा!

आत शे-दीडशे खुर्च्या. पुढे शपथ घेणारे, मागे आम्ही पाहुणे. प्रत्येकाच्या हातात एक लिफाफा आणि काडीला लावलेला चिमुकला झेंडा. माणसं नटून आलेली. एक आफ्रिकन गृहस्थ पायघोळ निळ्या झग्यात, एक म्हातारी व्हीलचेअरवर मोत्यांची माळ घालून, एक पोरगा बहुधा थेट कामावरून, बुटांना सिमेंट लागलेलं. आमचे चिरंजीव सुटात. हा सूट त्याने स्वतःच्या लग्नात घालायचं नाकारलं होतं.

मग देशांची नावं पुकारायला लागले. आपल्या देशाचं नाव आलं की उठायचं आणि उभंच राहायचं. डॉमिनिकन रिपब्लिक म्हटल्याबरोबर एक अख्खी ओळ उठली. इक्वेडोर उठला. आणि “इंडिया” म्हणताक्षणी माझ्या शेजारून आमची सौ. उभी राहिली.

मी पदर ओढला. ती हलेना. “बस ना! ते त्यांच्यासाठी आहे.”

“इंडिया म्हणाले ना ते? मंग मी काय पेरूची आहे?”

समोर चिरंजीव उभे, मागे मातोश्री उभ्या आणि मध्ये शंभर डोकी. शेवटी एका रखवालदाराने अगदी नम्रपणे तिला बसायची खूण केली. तो आला नसता तर सौ. तशीच उजवा हात वर करून अमेरिकन झाली असती आणि मी नेवार्कहून एकटाच परत आलो असतो.

हात वर करण्यावरून आठवलं. आपल्याकडे शाळेत प्रतिज्ञेला हात खांद्यातून सरळ पुढे करतात. चिरंजीवांचा हात आधी तसाच पुढे गेला, मग आजूबाजूला पाहून त्याने तो कोपरातून वाकवला. जिल्हा परिषदेच्या शाळेने दहा वर्षं घोटलेला हात तो. असा एका दिवसात थोडाच वाकणार! गंमत म्हणजे झेंड्याला वंदन करताना त्या देशातही पूर्वी हात सरळच पुढे करत. पुढे तसाच हात हिटलर करायला लागला, तेव्हा १९४२ साली त्यांनी कायदा बदलून तो छातीवर ठेवला.

आणि मग ती शपथ. एक बाई तुकड्या-तुकड्याने सांगत होत्या आणि सगळे मागून म्हणत होते. मंगलाष्टकांसारखं कुणी पुढे, कुणी मागे. मी आधी वाचून गेलो होतो म्हणून मला कळत होतं. पहिलंच कलम असं की आजवर मी ज्या कुठल्या परक्या राजाचा, संस्थानिकाचा, राज्याचा प्रजाजन वा नागरिक होतो, त्याच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे आणि कायमची सोडतो.

मी विचारात पडलो. राजा? आमच्या चांद्याचा गोंड राजा १७५१ साली गेला. नागपूरकर भोसल्यांनी राज्य घेतलं. भोसल्यांचं १८५४ साली इंग्रजांनी घेतलं. इंग्रज १९४७ ला गेले. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. मग हा पोरगा सोडतोय तरी कुणाला? माजरीत ज्याच्यावर निष्ठा ठेवावी असा एक स्टेशनमास्तर तेवढा होता आणि तोही वर्षाला बदलायचा. मी सगळ्या राजांची वजाबाकी केली, संस्थानिकांची केली, आणि बाकी उरले ते आबा, ओसरी, गावाबाहेरची चार एकर पऱ्हाटी आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेलो आम्ही दोघं. तेवढ्यात बाई पुढच्या कलमावर गेल्याही होत्या.

पुढे असं आहे की कायद्याने सांगितलं तर मी त्या देशासाठी शस्त्र उचलीन. घरात पाल निघाली तर आईला हाक मारणारा हा इसम मोठ्या आवाजात तसं म्हणाला.

आपलीही शपथ आहे बरं. बाहेरून येऊन भारताचा नागरिक होणाऱ्यासाठी १९५५ च्या कायद्यात दिलेली आहे. एका वाक्याची: घटनेशी निष्ठा ठेवीन, कायदे पाळीन, कर्तव्यं करीन. जुना देश सोडल्याचे कागद वेगळे द्यावे लागतात, पण तो विषय शपथेत काढत नाहीत. मला हे बरं वाटतं. नवी सून घरात येते तेव्हा तिच्याकडून ‘माहेर सोडलं’ असं उंबरठ्यावर कुणी वदवून घेत नाही.

टाळ्या झाल्या, पडद्यावर राष्ट्राध्यक्षांचं भाषण झालं, आणि चिरंजीव प्रमाणपत्र घेऊन मागे आले. जाड, नक्षीदार कागद. “हे लॅमिनेट करू नका म्हणाले,” तो म्हणाला. तो कागद पाहताना मला आमचे बंगाली दादा आठवले. माझ्याबरोबर खिडकीत होते. १९६० नंतरच्या वर्षांत पूर्व पाकिस्तानातून आलेली पुष्कळ कुटुंबं आमच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली. आज ती गावं गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात आहेत. दादांचे वडील रायपूरजवळच्या माना कॅम्पातून तिकडे आले. त्यांना कुणी झेंडा दिला नाही की भाषण ऐकवलं नाही. हद्दीवर मिळालेली एक चिठ्ठी, बॉर्डर स्लिप, तेवढी त्यांच्याजवळ होती. ती ते धोतराच्या सोग्यात बाळगायचे. रेशनवाल्याला दाखवायचे, तलाठ्याला दाखवायचे, तिकीट तपासनिसाने तिकीट मागितलं तरी आधी तीच काढायचे. दादा सांगायचे, “शेवटी शेवटी कोई नमस्कार बोला तो भी बाबा चिट्ठी निकालते थे.” तिला घड्या पडून पडून चार तुकडे झाले होते.

शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. वकिलातीतून तो ‘रद्द’ असा शिक्का मारून परत आला. सौ.ने तो आमच्या पेटीत ठेवण्यासाठी मागून घेतला. त्यात चिरंजीवांचा फोटो आहे. त्याला आता आपल्याकडचं परदेशस्थ नागरिकाचं कार्ड मिळालंय, ज्याला ते ओसीआय म्हणतात. त्यावर जन्मभर येता-जाता येतं. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

या शेताचीच खरी गोची आहे. मी फोनवर सहज म्हणालो, “वर्धेच्या अंगाचं शेत आता माझ्याच्याने होत नाही. तू घेतोस का? बाहेरच्याला देण्यापेक्षा…” तो म्हणाला, “बाबा, मला विकत घेता येत नाही. वारसाने आलं तर चालतं.”

म्हणजे आता ते शेत घरात राहायचं तर मध्ये मला मरणं आलं! मी कायदा नीट वाचून पाहिला. दुसरी सोय दिसत नाही. सौ. म्हणाली, “घाई काय आहे? या सालची तूर तं निघू द्या.”

पाच वर्षं अशीच गेली. १९ एप्रिल २०२४ ला आमच्या चंद्रपूरला लोकसभेचं मतदान होतं. त्याच्या आधी अंगणवाडीच्या बाई मतदार चिठ्ठ्या वाटत आल्या. माझी, सौ.ची आणि चिरंजीवांची. यादीत तो होताच! नेवार्कला सगळे राजे-महाराजे सोडून आला, पण माजरीच्या यादीतून त्याला कुणी सोडलं नव्हतं. सौ.ने चिठ्ठीचा फोटो काढून त्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘तुझा नंबर आला.’

निवडणूक झाल्यावर बाई नाव कमी करायचा सात नंबरचा फॉर्म घेऊन आल्या. त्यात कारणांच्या चौकटी आहेत. बाई वाचू लागल्या, “काका, कोणती खूण करता? मयत?”

“तोंड सांभाळून बोल वो बाई!” आतून सौ.

“काकू, मी वाचून राहिली फक्त. स्थलांतरित? दुबार नोंद? भारतीय नागरिक नाही?”

मी पेन हातात धरून बसलो. बाहेर कोळशाची मालगाडी चालली होती. ती आमच्याकडे लवकर संपत नाही. सौ. चहा घेऊन आली आणि म्हणाली, “तिकडे राह्यते असं लिहा ना.”

“तसा कॉलम नाही काकू.”

मालगाडीचा शेवटचा डबा गेला तेव्हा मी शेवटच्या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली. बाईंनी फॉर्म पिशवीत घातला आणि विचारलं, “आणि सूनबाईचं?”

“तिचं राहू द्या,” सौ. म्हणाली. “तिची मुलाखत व्हायची आहे अजून. पुढच्या चिठ्ठ्या घेऊन याल तेव्हा चहाला सवडीनं या.”