परसातली राख

१८ सप्टेंबर १९११
भुसार पेठेत उंदीर पडू लागले. म्युनिसिपालिटीची दवंडी फिरली: मेलेला उंदीर दिसला की कचेरीत वर्दी द्या, हात लावू नका. शाळेत फळ्यावर भलीमोठी पिसू काढली. मुंबईत लिस्टनसाहेबांनी प्लेगच्या घरात गिनीपिग सोडले, तेव्हा त्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या, ती हकीकत सांगितली. उंदीर गार झाला की पिसवा त्याला सोडतात आणि ऊब शोधत माणसाकडे येतात. मुले पायांना खाजवू लागली. मीही खाजवले.

२० सप्टेंबर
धर्मशाळेत टोचायला डॉक्टर आले. १९०२ साली पंजाबात मलकोवालला लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली, हे लोकांच्या तोंडी अजून आहे. लस करणाऱ्या हाफकिनसाहेबांवरचा ठपका १९०७ साली पुसला गेला, ते मात्र कोणाच्या कानी नाही. चारचौघांसमोर मी दंड पुढे केला. रात्री ताप भरला. आई म्हणाली, "धडधाकट अंगात दुखणं टोचून घ्यायचं, हे कसलं शहाणपण?" ती टोचून घेणार नाही.

२३ सप्टेंबर
घट बसले.

२५ सप्टेंबर
पहाटे बळदाच्या तोंडाशी उंदीर. चिमट्याने उचलला, परसात घासलेट ओतून जाळला. सगळे दवंडीबरहुकूम केले, वर्दी तेवढी दिली नाही. दिली असती तर घर रिकामे करून माळावर जावे लागले असते, आणि नवरात्रात घट हलत नाहीत.
१८९७ साली मी पुण्यात शिकत होतो. गोरे सोल्जर आमच्या खाणावळीच्या चुलीपर्यंत आले होते. आता सोल्जर नाहीत, टोचण्याची सक्तीही नाही. तरी वर्दी म्हटले की मला ते बूटच आठवतात. सबब चांगली आहे. फळ्यावरची पिसू अजून पुसलेली नाही.

२७ सप्टेंबर
शेतखान्याची टोपली न्यायला मागच्या बोळातून झाडूवाला येतो. आज परसाकडे बघत म्हणाला, "मास्तर, राख कसली?"
"जुनं पोतं जाळलं."
"असली पोती या आळीत सहा घरांनी जाळलीत."
कचेरीच्या वहीत आमच्या आळीचा एकच उंदीर आहे. गावाची मागची दारे रोज या एकाच माणसाला दिसतात, पण कमिटीत त्याला कोणी विचारत नाही. त्याची वस्ती कचऱ्याच्या ढिगाला लागून आहे. तिथे उंदीर पडले का, हे मीही विचारले नाही.

२८ सप्टेंबर
आईला खरे सांगितले. ती म्हणाली, "घासलेटाचा वास मला तेव्हाच आला होता रे." मग थोडा वेळ काही बोलली नाही. दुपारी मी वर्दी दिली. संध्याकाळी ती डोक्यावर घट घेऊन पायी माळावर निघाली. बैलगाडीत बसायला तयार होईना, दिवा विझेल म्हणून. तो नाल्यापाशी विझलाच. तिने तिथेच बसून पुन्हा लावला.

२ ऑक्टोबर
दसरा. झोपड्या-झोपड्यांतून सोने वाटले. त्या सहा घरांपैकी दोन आली आहेत. आई अजून टोचून घेत नाही. आमच्या घराची कौले उतरवलेली इथून दिसतात. एव्हाना देवघरात ऊन पोचले असेल.