खर्डा : एकत्र येण्याच्या जागा

वीकेंडला कुठे? लोणावळा झालं, अलिबाग झालं, महाबळेश्वरला नुसतं ट्रॅफिक! मग या वेळी गाडी नगर रोडला घ्या. पुणे, नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर), जामखेड आणि पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर खर्डा. रिसॉर्ट-बिसॉर्ट शोधत जाऊ नका. ही ट्रिप वेगळी आहे.

पहिला स्टॉप अर्थातच किल्ला. निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला हा दणकट भुईकोट. 11 मार्च 1795 ला इथे मराठ्यांनी निजामाला हरवलं. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, झाडून सगळे एका बाजूने लढले. मराठा सरदारांचं हे शेवटचं मोठं गेट-टुगेदर म्हणा ना! पुढे पुन्हा भांडणं सुरू झाली आणि 1818 मध्ये पेशवाई बुडाली. तटाजवळ उभा असताना मला वाटलं, लढाईसाठी एकत्र येणं त्यामानाने सोपं. रोजच्या जगण्यात एकत्र येणं खरं कठीण.

म्हणून परतताना जामखेडला थांबाच. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औषधांच्या आधी गावातली माणसं एकत्र यायला हवीत, हे त्यांनी ओळखलं. मग काय केलं? व्हॉलीबॉल! एकदा नेटपाशी उभं राहिलं की जात विचारायला वेळ कुणाला? त्या खेळातून शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, मग महिला मंडळं. पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती दलित वस्तीत घ्यायचा आग्रह धरला. पाणी हवं? मग या वस्तीत! गावोगावच्या आरोग्य सेविकाही गावातल्याच बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. 2014 मध्ये खर्ड्यातच सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून, असा आरोप होता. खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. एवढं चांगलं काम झालेल्या तालुक्यात ही घटना घडली. शेजार एकदा जोडला की कायमचा जुळत नाही, तो रोज जोडावा लागतो.

आणि आपण शहरातले तरी काय वेगळे? टॉवरला क्लबहाऊस आहे, जिम आहे, कम्युनिटी हॉल आहे. पण घरकामाला येणाऱ्या मावशींना कित्येक सोसायट्यांत लिफ्ट वेगळी असते. त्या हॉलमध्ये त्यांच्यासोबत आपण शेवटचे कधी बसलो होतो?

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर निघा, उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं. पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या. आणि किल्ला बघून लगेच यू-टर्न मारू नका, जामखेडसाठी अर्धा दिवस ठेवा.