निवटी, मांगूर आणि फुप्फुसमीन

ठाणे (पूर्व)

चि. मुक्तास,

तुझ्या प्रकल्पाच्या आराखड्यात ठाणे खाडीतील निवटी आणि कल्याण-डोंबिवलीकडच्या तळ्या-ओढ्यांतील मांगूर, शिंगी व मरळ हे सारे मासे ‘फुप्फुसमीन’ या एकाच मथळ्याखाली आले आहेत. हे सर्व मासे हवेतून प्राणवायू घेतात, एवढे खरे. पण त्यांपैकी एकाकडेही फुप्फुस नाही, आणि ज्या माशांना प्राणिशास्त्र फुप्फुसमीन म्हणते त्यांपैकी एकही आज भारतात नाही. त्यांच्या जिवंत जाती सहाच आहेत: चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या नद्यांत.

फुप्फुस म्हणजे अन्ननलिकेच्या पुढच्या भागातून, तिच्या खालच्या बाजूने फुटलेली, आतून कप्प्याकप्प्यांची आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली पिशवी. बहुतेक माशांत आढळणारा वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगण्याची पातळी सांभाळणारी हवेची पिशवी, हा त्याच अन्ननलिकेच्या वरच्या बाजूने निघतो. वाताशयापासून फुप्फुस घडले असावे, असे डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात मांडले होते. आजचा पुरावा नेमका उलट क्रम सांगतो: हाडे असलेल्या माशांच्या आद्य पूर्वजांकडे आधी फुप्फुस होते आणि पुढे बहुसंख्य माशांत त्याचे वाताशयात रूपांतर झाले. म्हणजे हवेत श्वास घेणे ही जमिनीवर आल्यानंतर मिळालेली देणगी नव्हे. कोंदट, उथळ पाण्यात राहणाऱ्या माशांनी ती सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. फुप्फुसमीनांनी ती टिकवली, आणि फुप्फुसातून आलेले प्राणवायुयुक्त रक्त उरलेल्या रक्तात फारसे मिसळू नये म्हणून त्यांच्या हृदयाच्या अलिंदात, म्हणजे रक्त प्रथम येते त्या कप्प्यात, एक अपुरा पडदाही तयार झाला. चतुष्पादांचे, म्हणजे बेडूक, सरडे, पक्षी, माणूस अशा चार अवयवांच्या प्राण्यांचे, आज हयात असलेले सर्वांत जवळचे मत्स्य-नातलग हेच होत. या नात्याला अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनीही दुजोरा दिला आहे. २०२४ साली दक्षिण अमेरिकी जातीचा जो संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला, तो माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे तीसपट मोठा निघाला.

सगळे फुप्फुसमीन सारखेही नाहीत. ऑस्ट्रेलियातील जातीला एकच फुप्फुस असते, ती मुख्यतः कल्ल्यांवर जगते, आणि पाणी आटले की तिला वाचता येत नाही. आफ्रिकेतील जातींचे प्रौढ मासे मात्र हवेवाचून जगत नाहीत. पृष्ठभागावर येण्याची वाट अडवली तर ते पाण्यात बुडून मरतात. कोरड्या ऋतूत असा मासा ओल्या चिखलात तोंडाने बीळ करतो, आत वळून शेपूट डोक्यावरून घेतो आणि अंगावर चिकट स्राव सोडतो, जो वाळला की पातळ कागदासारखा कोश तयार होतो. त्या कोशाला तोंडाजवळ तेवढे एक छिद्र राहते. या अवस्थेला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. एरवी मासे शरीरातील टाकाऊ नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. इथे पाणीच नसल्यामुळे विषारी अमोनियाऐवजी त्याचा तुलनेने निरुपद्रवी यूरिया बनतो आणि तो पाऊस येईपर्यंत शरीरात साठत राहतो, तर शरीराचा अत्यंत मंदावलेला व्यवहार स्वतःचेच स्नायू खर्चून चालतो.

भारतात हे मासे नाहीत, पण होते. आणि तो पुरावा मराठी मुलुखाच्या वेशीवरचा आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेरी हे गाव आज तेलंगणात मोडते. तिथल्या तांबड्या चिकणमातीच्या थरांत, सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक काळातील, फुप्फुसमीनांचे दात सापडले. हे दात म्हणजे सुटे सुळे नव्हेत. जबड्याला चिकटलेली, पंख्यासारखी पसरलेली, कडेला बोथट कंगोरे असलेली ती जाड पट्टी असते, आणि तिच्याखाली कवचासारखे कठीण अन्न चिरडले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली, डार्विनचा ग्रंथ आला त्याच वर्षी, या दातांचे वर्णन ‘सेरॅटोडस’ या प्रजातीखाली प्रसिद्ध केले आणि दोन जातींना नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांची नावे दिली. तोवर सेरॅटोडस हा केवळ दगडातला प्राणी होता. १८७० साली सिडनीच्या संग्रहालयातील गेरार्ड क्रेफ्ट यांच्यासमोर क्वीन्सलँडचा एक जिवंत मासा आला, त्याच्या तोंडात अगदी तशाच दंतपट्ट्या होत्या, आणि म्हणून त्यांनी त्याला सेरॅटोडस याच प्रजातीत घातले. निओसेरॅटोडस हे वेगळे नाव पुढे आले. नागपूरच्या महाविद्यालयामुळे हिस्लॉप हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे, पण ते एका प्राचीन माशालाही मिळाले होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे.

आता खाडीकडे वळता, निवटीचा मार्ग अगदीच निराळा दिसतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात ती पुढच्या परांवर रेटा देत सरकते, डोके डावीकडे-उजवीकडे हलवत चिखलावरच्या सूक्ष्म शैवालाचा थर खरवडून खाते, आणि डोक्यावर उंच बसवलेले डोळे मधूनमधून खोबणीत ओढून ओले करून घेते. तिचा श्वास ओल्या त्वचेतून, तोंडाच्या व घशाच्या अस्तरातून आणि ओलसर ठेवलेल्या कल्ल्यांच्या पोकळीतून चालतो. अंग सुकले की श्वासही थांबतो. चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्त्यांना हा मासा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, आणि टोपलीत बराच वेळ जिवंत राहण्याचे त्याचे रहस्य या ओल्या कातडीतच आहे.

मांगूर, शिंगी आणि मरळ यांची साधने पुन्हा वेगवेगळी. मांगुराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखे लाल अवयव वाढलेले असतात. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवेचा स्वतंत्र कप्पा असतो. शिंगीत कल्ल्यांच्या पोकळीपासून दोन लांब नळ्या पाठीच्या कण्यालगत शेपटीकडे जातात. चिरफाड करताना या नळ्या हुबेहूब फुप्फुसासारख्या दिसतात आणि विद्यार्थी नेमके इथेच फसतात. पण त्या अन्ननलिकेतून फुटलेल्या नसून कल्ल्यांच्या पोकळीचाच विस्तार आहेत. एकच अडचण आणि तिच्यावर स्वतंत्रपणे निघालेले अनेक उपाय, याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात, आणि तुझ्या प्रकल्पाचा खरा विषय हाच आहे.

ही अडचण केवढी, हे आकड्यांवरून कळते: एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर आपल्याकडच्या उबदार गोड्या पाण्याच्या लिटरात, ते पूर्ण स्वच्छ असले तरी, जेमतेम पाच-सहा. त्यात सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. म्हणूनच उल्हास नदीत किंवा मोठागावच्या रेतीबंदराकडे खाडीत ‘मासे आहेत, म्हणजे पाणी ठीक आहे’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते मान्य करता येत नाही. मांगूर केवळ पाण्याच्या प्राणवायूवर अवलंबून नाही, त्यामुळे त्याच्या हयातीवरून पाण्याची प्रकृती कळत नाही. साक्ष काढायची तर ती केवळ कल्ल्यांवर जगणाऱ्या माशांची काढली पाहिजे, आणि ते एखाद्या ठिकाणाहून नाहीसे होत असतील तर बाजूला उसळणाऱ्या मांगुरांचे समाधान मानणे हा त्या नदीवर अन्याय आहे.

तेव्हा आराखड्यातील मथळा बदलून ‘हवेत श्वास घेणारे मासे’ असा करावा, तक्त्यात प्रत्येक माशापुढे श्वसनाचा अवयव आणि तो शरीराच्या कोणत्या भागातून निघतो हे लिहावे, आणि केवळ कल्ल्यांवर जगणाऱ्या माशांसाठी वेगळा रकाना ठेवावा. पाण्यातील प्राणवायूची मोजणी पहाटे आणि दुपारी अशी दोनदा व्हावी, कारण दिवसा पाणवनस्पती प्राणवायू सोडतात आणि रात्रभर तोच वापरतात, त्यामुळे एकट्या दुपारच्या आकड्याने फसगत होते.



मामा